तळाशी गेलेला वारा

ट्रिएस्टे, ११ फेब्रुवारी

प्रिय सावेरियो,

हे पत्र मी स्वयंपाकघरात बसून लिहिते आहे, कारण पुढच्या खोलीची खिडकी आज सकाळी बोरानं चौकटीसकट आत आणून ठेवली. बोरा म्हणजे काय ते तुला सांगायला नको. तुझी आई याच वाऱ्यात वाढली आणि याच वाऱ्याला कंटाळून दक्षिणेत तुमच्या बारीला लग्न करून गेली. यंदा तो आठवडा उलटला तरी थांबत नाही. नगरपालिकेनं रस्त्याकडेनं दोर बांधलेत. माझ्या वयाच्या बायका दोर धरून पाव आणायला जातात, त्यात कुणाला काही वावगं वाटत नाही. मी दोर धरून धक्क्याच्या टोकाला जाते आणि समुद्राचं पाणी बाटलीत भरते, तर म्हणे म्हातारीला वेड लागलं.

हे मी नोकरीत असतानाही करत होते, निवृत्त झाल्यावरही करते. कारण बोराच्या दिवशी दुसरं कुणी पाणी भरत नाही. होड्या निघत नाहीत, आणि निघूही नयेत. आमच्या समुद्रकेंद्राचा पहिल्यापासूनचा नियम आहे की मोजणीचा दिवस बोरात सापडला, तर ती पुढच्या निवांत दिवसावर ढकलायची. म्हणजे केंद्राच्या कपाटात जो ट्रिएस्टेचा हिवाळा आहे, तो सगळा निवांत दिवसांचा हिवाळा आहे. एखाद्याचा स्वभाव तो झोपलेला असताना पाहून लिहावा, तसा.

आता आमचे नवे प्रमुख डॉ. बेर्तोक्की यांनी शोध लावला आहे की आमचं आखात हवेतला कर्बवायू हिवाळ्यात जेवढा घेतं तेवढाच उन्हाळ्यात परत सोडतं, तेव्हा हिवाळ्यातली मोजणी बंद करावी. माझ्या बाटल्यांनी उलट सांगितलं, की बोरात आखात कितीतरी जास्त घेतं, तर त्यांनी त्यांच्यावर 'दूषित' असा शिक्का मारला. लाटा फुटताना बाटलीत बुडबुडे गेले असणार, म्हणून आकडे फुगले, असं त्यांचं म्हणणं. सावेरियो, मी बाटली पाण्याखाली धरून, तळापासून भरून, ओसंडून वाहू देते. तुझ्या जन्माआधीपासून मला बाटली भरता येते.

जूनमध्ये अँकोनाला सगळ्या केंद्रांची सभा आहे. तिथे हिवाळी मोजणी कायमची बंद होणार. तू त्या बारीच्या प्रयोगशाळेत बसून पगार घेतोस, तर माझं एक काम कर. या आठवड्यात जे पाणी गारठलं, ते बुडणार. बुडून इटलीच्या किनाऱ्याकडेनं, तळ धरून, तुमच्याकडे येणार. वसंतात ते पकड.

फोन करू नकोस. फोनवर तू हो हो म्हणतोस आणि विसरतोस. कागदावर तुला पळता येत नाही.

तुझी,
ओर्तेन्सिया मावशी


बारी, २४ फेब्रुवारी

प्रिय मावशी,

खिडकी बसवून घेतलीस ना? ती बसवल्याशिवाय पुढचं वाचू नकोस.

तू धक्क्यावर जातेस हे ऐकून कोन्चेत्ता दोन दिवस माझ्याशी नीट बोलत नाहीये, जणू मीच तुला तिथे नेऊन उभं केलं. ती म्हणते, मावशींना सांगा, बाटलीबरोबर स्वतःही दक्षिणेला येऊन पोचाल, आणि आम्हाला तळातून काढावं लागेल.

तुझं म्हणणं मला पटतं. अर्धं. पाणी थंड होऊन बुडतं आणि इकडे येतं हे आम्हालाही माहीत आहे. पण ते तुझ्या धक्क्यावरचा कर्बवायू पोटात धरून इथवर येतं, हे कुणी दाखवलं आहे? वाटेत अर्धा इटली आहे, मावशी. हीच माझी बायको बाजारातून घरी येईपर्यंत पिशवीतला फोकाच्चा पाव अर्धा संपलेला असतो.

आणि डॉ. बेर्तोक्की आमच्या साहेबांचे मित्र आहेत. मी भित्रा नाही, पण मला दोन मुलं आहेत.

तरी एक जमेल. आमच्या मोठ्या जहाजाला वेळ नाही, पण मिंकुच्चो म्हणून एक मासेमार आहे, त्याची होडी आम्ही अधूनमधून भाड्यानं घेतो. खोल पाण्यातली लाल कोळंबी आणतो तो. एप्रिलमध्ये तो मला आमच्या किनाऱ्यासमोरच्या, समुद्रतळातल्या दरीवर नेईल. काय शोधायचं आणि ते कसं ओळखायचं, ते नीट लिही.

तुझा,
सावेरियो


ट्रिएस्टे, ६ मार्च

प्रिय सावेरियो,

खिडकी बसली. सुतारानं जे मागितलं त्यावरून त्यानंच बोरा सोडला असावा.

दोन मुलं मला ठाऊक आहेत. त्यांच्याच नावानं लिहिते आहे असं समज.

तू विचारतोस ते सिस्टर पेर्पेतुआंनी मला शाळेत शिकवलं. टेकडीवरच्या आमच्या कॉन्व्हेंटमध्ये विज्ञानाला ना खोली होती ना उपकरणं. सिस्टरनी सोड्याच्या दोन बाटल्या आणल्या. एक बोरात खिडकीबाहेर ठेवली, दुसरी शेगडीजवळ. तासाच्या शेवटी दोन्ही उघडल्या. शेगडीजवळची फसफसून सिस्टरच्या झग्यावर गेली आणि राहिलेलं पाणी मिळमिळीत झालं. खिडकीतली मात्र पीत गेलो तरी जिभेला टोचत होती. सिस्टर झगा पुसत म्हणाल्या, "मुलींनो, थंड पाणी वायूला सोडत नाही. हे लक्षात ठेवा, बाकी विसरलात तरी चालेल." मी बाकी बरंच विसरले.

आमचं आखात म्हणजे ती खिडकीतली बाटली. बोरा वाहतो तेव्हा पाणी गारठतं आणि वरून हवा त्यात घुसळली जाते. गारठलेलं पाणी जड होतं आणि बुडतं. बुडालं की वरच्या हवेशी त्याचा संबंध तुटला. झाकण लागलं. आता ते वायू परत द्यायचा म्हटलं तरी देणार कुणाला? उथळ तळावरून घसरत ते अँकोनासमोरून तुमच्याकडे येतं आणि तुमच्या दरीतून त्या हजार मीटर खोल खड्ड्यात उतरतं. तिथून पुढे मोठ्या समुद्राच्या तळाला. तिथे गेलेलं पाणी वर येईपर्यंत तुझ्या नातवांना नातवंडं झालेली असतील. वसंतात समुद्रातलं बारीक शेवाळही वायू खातं आणि मेल्यावर खाली पडतं, पण ते निराळं काम, त्यात बेर्तोक्कींना नाक खुपसू दे.

ओळखायची खूण अशी. भोवतालच्या पाण्यापेक्षा थंड. मिठाला थोडं कमी, कारण आमच्याकडे पो नदीचं पाणी मिसळतं. आणि प्राणवायूनं भरलेलं, कारण ते नुकतं वर होतं. या तीन खुणा असलेलं पाणी सापडलं की त्यातला कर्ब मोज. माझ्या बाटलीत बुडबुड्यांमुळे आकडा फुगला असेल, तर तुझ्याकडे तो दिसणार नाही. दिसला, तर तो समुद्रानं घेतलेला आहे, माझ्या बाटलीनं नाही.

मिंकुच्चोला सांग, म्हातारी उत्तरेची असली तरी कोळंबीची किंमत ओळखते.

ओर्तेन्सिया मावशी


बारी, १९ एप्रिल

प्रिय मावशी,

हे पत्र मी चार दिवस टाळलं.

गेलो होतो. समुद्र तेलासारखा शांत होता. दरीवर तीन ठिकाणी तपमान, मीठ आणि प्राणवायू मोजणारं यंत्र सोडलं, वरपासून खालपर्यंत. तुझं पाणी नाही. जे आहे ते नेहमीचं, कोमट, खारट, शिळं. तिन्ही ठिकाणी तेच. मी मिंकुच्चोला पुन्हा सोडायला लावलं, तर तो म्हणाला, "डॉक्टर, पाणी पुन्हा विचारल्यानं बदलत नाही." खरंच बदललं नाही.

आणखी एक सांगायचं आहे, ते आधी सांगायला हवं होतं. डॉ. बेर्तोक्कींनी आमच्या साहेबांकडून हे आकडे मागवले. फार गोड पत्र होतं. मी दिले. अँकोनाला ते हेच आकडे दाखवणार आहेत.

माझ्यावर रागाव, पण धक्क्यावर जाऊ नकोस. कोन्चेत्ता तुझ्यासाठी बदामाचे लाडू पाठवते आहे. त्यांच्यावर रागावू नकोस.

तुझा,
सावेरियो


ट्रिएस्टे, २५ एप्रिल

सावेरियो,

लाडू पोचले. कोन्चेत्ताला माझा आशीर्वाद. तुला नाही.

बेर्तोक्की मला काल बाजारात भेटले. कॉफीच्या दुकानात सगळ्यांसमोर टोपी काढून, वाकून म्हणाले, "बाई, तुमचे पाहुणे बारीला पोचले नाहीत म्हणे." ती टोपी करडी आहे, व्हिएन्नाहून आणलेली, आणि ते ती अशी काढतात की जणू आत पदक ठेवलं आहे. मी म्हटलं, पाहुणे वेळेवर पोचतात, यजमान दार उघडत नाहीत. पण सावेरियो, घरी आल्यावर मी बूट न काढता बसून राहिले.

कारण तू दार उघडलंस, हे मला माहीत आहे. तू आकडे देण्यात चूक नव्हती. आकडे लपवले असतेस तर मी तुला भाचा म्हटलं नसतं. पण मग पाणी गेलं कुठे? एवढा बोरा झाला, धक्क्यालगतचं पाणी गोठायला आलं होतं. ते काही घरी परत गेलं नाही.

पुन्हा जा. सभेआधी. मी हे मागत नाही, सांगते आहे.

ओर्तेन्सिया


बारी, १२ मे

प्रिय मावशी,

जायचं ठरलं होतं, पण संत निकोलस आडवे आले. शपथेवर सांगतो, थट्टा नाही. दरवर्षी उत्सवात संतांची मूर्ती एका मासेमारी होडीवर बसवून दिवसभर समुद्रात ठेवतात, आणि ती होडी चिठ्ठी टाकून निवडतात. यंदा चिठ्ठी निघाली मिंकुच्चोची. तो बंदरात गुडघ्यावर बसून रडला. आधी रंगरंगोटी, मग फुलं, दिवे, मग मूर्ती, मग जेवणं. यंत्राचं नाव काढलं तर तो म्हणाला, आधी संत, मग मावशी.

आता उत्सव झाला. सगळं शहर होड्यांतून मूर्तीभोवती फिरून आलं, आम्हीही. मिंकुच्चोची बायको नुंझिया धक्क्यावर कोळंबी विकते, तिथे आम्ही उभ्या उभ्या कच्चीच खाल्ली. तू नाक मुरडशील. नुंझिया सगळ्यांना सांगत होती की यंदा संतांनी तिचा बर्फाचा खर्च वाचवला. जाळ्यातला चिखल इतका गार येतो की निवडताना बोटं बधिर होतात, मे महिन्यात. बाकीच्या बायका म्हणाल्या, नवऱ्याचं उत्सवातलं रडू बोटांत उतरलंय तुझ्या. अशी मजा चालली होती.

मला वाटतं, मावशी, हे सोडून द्यावं. होडी मिळेल, पण आम्ही पुन्हा तेच मोजू.

सावेरियो


ट्रिएस्टे, १६ मे

सावेरियो,

उभ्यानं लिहिते आहे. पोस्ट बंद व्हायच्या आत टाकायचं आहे.

गार चिखल! आणि हे तू कोळंबीच्या गप्पांत लिहितोस?

एकच प्रश्न. यंत्र खाली सोडताना तुम्ही तळाच्या किती वर थांबवता? मला माहीत आहे तुम्ही थांबवता. सगळेच थांबवतात, यंत्र चिखलात रुतू नये, खडकावर आपटू नये म्हणून. महाग वस्तू आहे. पण माझं पाणी तळाला चिकटून येतं, मुला, चादरीसारखं. तुम्ही गादीवरची उशी तपासून आलात. मिंकुच्चोचं जाळं मात्र तळ खरवडतं, म्हणून नुंझियाची बोटं बधिर होतात आणि तुझं यंत्र कोमट सांगतं.

खाली जा. तळाला टेकेपर्यंत. यंत्र मोडलं तर माझ्या निवृत्तिवेतनातून भरीन, आणि त्याची वसुली बेर्तोक्कींकडून करीन.

ओ.


बारी, ३० मे

मावशी,

माझी बोटं अजून बधिर आहेत.

पहाटे निघालो. दरीच्या तोंडाशी यंत्र सोडलं. नेहमीच्या ठिकाणी पडद्यावर तेच शिळं पाणी, आणि माझा हात सवयीनं थांबायला वर गेला. मी तो खाली घेतला. मिंकुच्चो म्हणाला, "डॉक्टर, तळ येतोय." मी म्हटलं, येऊ दे. तो छातीवर क्रूसाची खूण करून दोर सोडत राहिला.

आणि मग तपमानाची रेघ पडली. उतरली नाही, मावशी, जिन्यावरून पाय घसरावा तशी पडली. मीठ कमी. प्राणवायू वर. तिन्ही खुणा, तू लिहिल्यास त्याच क्रमानं. तुझी चादर होती तिथे, तळावर अंथरलेली, आणि खाली खड्ड्याकडे सरकत होती. यंत्र चिखलात टेकलं, थोडं वाकलं. ते तुझ्या निवृत्तिवेतनात बसेल.

यंत्राबरोबर सोडलेली पहिली बाटली भरून वर आली तेव्हा तिच्या काचेवर दव जमलं. मिंकुच्चोनं ती गालाला लावली आणि विचारलं, हे तुमच्या मावशींच्या गावचं? मी हो म्हटलं. तो म्हणाला, "फेब्रुवारी आहे यात."

कर्ब आम्ही प्रयोगशाळेत दोनदा मोजला, दुसऱ्यांदा साहेबांच्या समोर. वाटेत थोडं पाणी मिसळलं आहे, ते धरून हिशेब केला तर तुझ्या धक्क्यावरच्या बाटल्यांशी जुळतो. त्यात बुडबुडा नाही. साहेबांनी आकडे पुन्हा एकदा वाचले. मग म्हणाले, अँकोनाला तूच बोल.

मी बोलीन. पहिलं वाक्य आतापासूनच पाठ करतो आहे.

तुझा भाचा,
सावेरियो


ट्रिएस्टे, १७ जून

प्रिय भाच्या,

तू गाडीनं दक्षिणेला, मी उत्तरेला, आणि स्टेशनवर तू मला एवढं मिठीत आवळलंस की चष्मा वाकला. आज दुरुस्त झाला. तेव्हा आता नीट लिहिते. तू व्यासपीठावर होतास, तुला काही दिसलं नसेल. मी प्रेक्षकांत होते, मला सगळं दिसलं.

निवृत्तांना बोलायची परवानगी नाही असं दारातच सांगितलं, तेव्हा मी जपमाळ काढून पहिल्या रांगेत बसले. बेर्तोक्की आधी बोलले. एप्रिलचे आकडे पडद्यावर लावले आणि 'पाहुणे पोचलेच नाहीत' ही थट्टा पुन्हा केली. लोक हसले. मग तू उठलास. तू पाठ केलेलं पहिलं वाक्य दोनदा म्हटलंस. पण मे महिन्याची रेघ पडद्यावर पडली तेव्हा सभेच्या, मेसिनाहून आलेल्या अध्यक्षबाईंनी चष्मा डोळ्यांवर घेतला आणि सभागृहात खुर्च्या करकरायच्या थांबल्या.

बेर्तोक्कींनी विचारलं, कशावरून हेही बुडबुडे नसतील? आणि तू, ज्याला मी लहानपणी अंधारात पायऱ्या उतरताना हात धरून न्यायची, तू शांतपणे म्हणालास, "साहेब, तेवढ्या खोलीवर वारा सुटत नाही."

तिथे मी जपमाळ पिशवीत ठेवली. आता देवाला त्रास द्यायची गरज नव्हती.

मग अध्यक्षबाईंनी माझ्याकडे पाहून विचारलं, म्हणजे ही चांगली बातमी समजायची का, समुद्र सगळं सांभाळून घेतो आहे? परवानगी नसताना मी उठले, हे तू पाहिलंस. पण व्यासपीठावर तुला नीट ऐकू गेलं नसेल, म्हणून लिहिते. मी म्हटलं, समुद्र आपली घाण मुकाट्यानं पोटात घेतो आहे, आणि ती घेता घेता आंबट होत चालला आहे. शिंपल्यांना कवच धरायला जड जाईल. चांगलं का वाईट हे मी सांगणार नाही, पण जो आपल्यासाठी एवढं ओझं तळाशी नेतो आहे, त्याच्याकडे तो राबत असतो त्याच दिवशी पाठ फिरवून घरी बसायचं, ही रीत कुठली? सिस्टर पेर्पेतुआंनी मला छडी दिली असती.

हिवाळी मोजणी राहिली. आणि नुसती राहिली नाही, तर अध्यक्षबाईंनी लिहून घेतलं की बोराच्या दिवशी मोजणी टाळायची नाही, धक्क्यावरून करायची, आणि ती केंद्रप्रमुखांनी जातीनं करायची. हे शेवटचं माझ्या सांगण्यावरून नाही. मी फक्त खोकले.

कोन्चेत्ताला सांग, लाडवांची दुसरी खेप चालेल. नुंझियासाठी लोकरी हातमोजे विणते आहे.

तुझी,
ओर्तेन्सिया मावशी


ट्रिएस्टे, ३ डिसेंबर

प्रिय सावेरियो,

आज हंगामातला पहिला खरा बोरा. दोर बांधले गेले, समोरच्या इमारतीची दोन कौलं उडाली, आणि सकाळीच दारावर टकटक झाली. बेर्तोक्की उभे होते. ओव्हरकोटाची सगळी बटणं लावलेली, हातात बाटल्यांची पेटी, डोक्यावर कानांपर्यंत ओढलेली ती करडी टोपी. म्हणाले, बाई, बाटली कशी भरतात ते दाखवाल का? माणसानं असं विचारलं की मला रागावता येत नाही, ही माझी अडचण आहे.

दोर धरून आम्ही टोकाला गेलो. मी त्यांना कमरेला दोर बांधायला लावला, पालथं पडायला लावलं, बाटली पाण्याखाली धरायला, तळापासून भरायला, ओसंडू द्यायला. पहिली तीन मी फेकून दिली. चौथी बरी होती. तोंडावर लाट आली तेव्हा ते काहीतरी जर्मनमध्ये बोलले. मग उठताना त्यांनी सवयीनं, मला मान द्यायला, टोपीला हात लावला आणि किंचित उचलली.

सावेरियो, ती क्षणात गेली. एकदा पाण्यावर टेकली, पुन्हा उडाली, आणि मग लाटांवरून डौलात निघाली, सरळ दक्षिणेला. आम्ही दोघं दोर धरून बघत राहिलो. त्यांचे कान लाल झाले होते. मग ते हसले, आणि मीही हसले.

बाटल्या कपाटात गेल्या आहेत. या वेळी त्यांच्यावर शिक्का नाही.

टोपी वरून येते आहे आणि पाणी हिवाळाभर गारठून तळानं येईल. मिंकुच्चोला दोन्हींवर नजर ठेवायला सांग, आणि आधी कोण पोचतं ते मला कळव. माझी पैज पाण्यावर आहे.

तुझी,
ओर्तेन्सिया मावशी